ईश्वरीची नऊ पावलं

दुपारचे साडेचार. प्रज्योत हातात मेथीची जुडी घेऊन वीज कॉलनीच्या थांब्यावर बसमधून उतरला आणि हेल्मेट घातलेल्या दोघांनी त्याला तिथेच गाठलं. पहिला कोयता खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याची काही गरज नव्हती, तरी त्यांनी पुढचे अकरा वार केले. त्याच्या मागून उतरायला निघालेली त्याची बायको ईश्वरी पायरीवरच थिजली. त्यातला एकजण शिवी देत तिच्याकडे वळला, तेवढ्यात थांब्याची वेळ संपली, दार तिच्या तोंडासमोर बंद झालं आणि बिनड्रायव्हरची ती बस तिला घेऊन निघून गेली. गाडीवर माणूस असता तर तो घाबरून ब्रेकवर पाय ठेवून बसला असता आणि पोरगीही गेली असती. यंत्राला घाबरता येत नव्हतं म्हणून ती वाचली.

संध्याकाळपर्यंत त्या खुनाचा व्हिडिओ सीनापुरात ज्याच्यात्याच्या फोनवर होता. लोकांना काय, चहा पिता पिता बघत होते. सुकदेव शेगराने तो नाक्यावरच्या टपरीवर पाहिला. मारणाऱ्यांची तोंडं झाकलेली, हातात मोजे, पोलिसांना ओळखायला बोटभर कातडीही उघडी नव्हती. पण सुकदेवाने तोंडाकडे पाहिलंच नाही. पन्नास वर्षांची सवय, तो आधी पाय बघायचा. पुढच्या मारेकऱ्याचं उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला पडत होतं, टाच घासत होती आणि डावा खांदा पुढे काढून तो गर्दीत घुसल्यासारखा चालत होता. हाच माणूस नऊ दिवसांपूर्वी असाच चालत सुकदेवाच्या दारात आला होता आणि एवढे उपकार करा म्हणून पाया पडला होता. त्या पोराला गाठायची जागा आणि वेळ आपणच सांगितली, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

झालं होतं ते असं.

शेगरांचं घर बहुरूप्याचं. बाप, आजा, पणजा, सगळे गावोगाव सोंगं घेऊन फिरले. कधी फौजदार होऊन दारात दरडावायचं, कधी वैद्य होऊन नाडी धरायची, लोकांना हसवायचं आणि देतील ते घ्यायचं. पण या घराची खरी विद्या चालीची. कपडे कुणीही घालील, चाल अंगात यावी लागते, असं सुकदेवाचा बाप म्हणायचा. शिवाय या घराची एक वेगळी रीत होती. ओळखीच्या घरातलं माणूस गेलं की तेराव्यानंतर घरचे बहुरूप्याला बोलवायचे. तो गेलेल्याचे कपडे घालायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. फक्त अंगणातून एकदा त्या माणसासारखा चालत जायचा. आई नाही तर बायको उंबऱ्यात बसून बघायची आणि मनसोक्त रडून घ्यायची. या सोंगाचं काही घ्यायचं नाही आणि या सोंगाला कधी नाही म्हणायचं नाही, हा बापाचा दंडक. सुकदेवाने तो पाळला आणि त्यातच पुरता फसला.

आता बसमधलं ‘पाऊल’ नावाचं यंत्र ही काय भानगड आहे तेही सांगायला हवं. पूर्वी सीनापुरात बसला कार्ड होतं. कार्डावर नाव, नावाला फोन, आणि कोण कुठे चढलं, कुठे उतरलं याची सगळी जंत्री मुख्यालयातल्या यंत्रात. ती जंत्री एकदा फुटली. मग काय विचारता! कुणाची बायको कुठे उतरते, कुठला कामगार युनियनच्या सभेला जातो, कुठली मुलगी कुठल्या दवाखान्याजवळ दोनदा दिसली, सगळं चव्हाट्यावर आलं. आठ दिवसांत तीन खून पडले आणि चिडलेल्या लोकांनी सात बस जाळल्या. त्यातल्या एकीत माणसं होती. तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले आणि कायदा झाला, की प्रवाशाचं नाव यंत्रात असताच कामा नये.

म्हणून ‘पाऊल’ आलं. बसच्या पायरीशी आणि आतल्या जमिनीत पातळ पट्ट्या बसवल्या. माणूस चढला की पट्टी त्याची चाल मोजते. टाच किती जोरात टेकली, भार टाचेवरून चवड्यावर यायला किती वेळ लागला, डाव्या-उजव्या पावलात फरक किती, असे दोनशे बारा आकडे. वजन ती धरत नाही, कारण माणूस आज पिशव्या घेऊन चढतो आणि उद्या मोकळा. या आकड्यांची मिळून एक खूण बनते आणि आकडे लगेच पुसले जातात. ज्वारी एकदा दळली की पिठातून दाणा परत निघत नाही, तशी त्या खुणेतून चाल परत काढता येत नाही. भाडं त्या खुणेवर कापलं जातं. नाव नाही, फोटो नाही, फोन नाही. पोलिसांनी मागितलं तरी द्यायला काही नाहीच.

प्रवाशापुरती तेवढी एक वाट ठेवली होती. भाडं जास्त कापलं गेलं किंवा पिशवी बसमध्ये राहिली, तर मोठ्या थांब्यावरच्या काचेच्या खोलीत जायचं. एका वेळी एकच माणूस. आतल्या पट्टीवर नऊ पावलं चालायचं. खूण जुळली की पडद्यावर दोन बटणं उमटतात. हिरवं दाबलं की गेल्या तीस दिवसांतले आपले प्रवास कागदावर छापून मिळतात. लाल दाबलं की ते कायमचे पुसले जातात, आणि त्या चालीचा पुढचाही प्रवास यंत्र कधी नोंदवत नाही. भाडं तेवढं घेतं आणि विसरून जातं. लाल बटण दाबलेलं बस चालवणाऱ्या कंपनीच्या मालकालासुद्धा उलटवता येत नाही.

आपली चाल हीच आपल्या कुलपाची किल्ली, असं कंपनी जाहिरातीत सांगायची. ही किल्ली दुसऱ्या कुणाला बनवता येते का ते तपासायला अश्लेषा केळुसकर नावाच्या अधिकारीबाईंनी सुकदेवाला बोलावलं. कॉलेजातली हुशार पोरं हरली होती, नाटकवाले हरले होते. सुकदेवाने चाळीस माणसांच्या चाली उचलल्या आणि त्यातल्या नऊ यंत्राने खऱ्या मानल्या. बाई हादरल्या. त्यांनी वर लेखी कळवलं, हिरवं बटण बंद करा म्हणून. वरून उत्तर आलं की असा माणूस अख्ख्या राज्यात एकच आहे आणि तो आपल्याच ओळखीचा आहे, तेव्हा चिंता नसावी. सुकदेवाला मात्र आभाळ ठेंगणं झालं. ज्या विद्येला आता पोरंसोरंही विचारत नव्हती, तिने यंत्राला चकवलं होतं. त्याने ते टपरीवर सांगितलं, तिथून ते पेपरात गेलं, फोटोसकट.

तो पेपर वाचून रणवीर घोरवाडे आणि त्याचा धाकटा भाऊ यशराज दारात आले. लिंबाळ्याचं मोठं घर, दीडशे एकर बागायत. रणवीर ओटीवर मांडी घालून बसला आणि रडायला लागला. बहीण ईश्वरी वर्षापूर्वी घरातून गेली, आता ती या जगात नाही असंच सगळे धरून चाललेत, आई अंथरुणाला खिळली आहे, तिला एकदा लेकीची चाल दाखवा, एवढंच त्याचं मागणं. ती घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली होती, हे त्याने सांगितलं नाही. सोबत चुलतबहिणीच्या लग्नातला व्हिडिओ होता. सुकदेवाने तो साठ वेळा पाहिला. पोरगी डावी टाच हलकी टेकवायची, दर पाचव्या पावलाला किंचित उचलल्यासारखी व्हायची, आणि उजवा हात मांडीजवळ आवरून धरायची, घरात कुणाला न सांगता कुठेतरी जायचं ठरवलेलं असावं तशी. सुकदेव लिंबाळ्याला गेला आणि त्या माउलीपुढून अंगणातून चालला. म्हातारीने “आली गं बाई माझी” म्हणून पदर तोंडाला लावला. तिला पोरांच्या मनातलं काही ठाऊक नव्हतं. सुकदेवही रडला.

परतताना गाडीत रणवीरने हळूच विषय काढला. काका, तुम्ही यंत्रापुढे तिच्यासारखे चाललात तर ती जिवंत आहे का नाही तेवढं कळेल, कागद कोरा आला तर आम्ही दिवस घालू आणि मोकळे होऊ. सुकदेव क्षणभर चपापला होता, हे खरं. पण नुकतीच ती म्हातारी त्याने पाहिली होती, आणि खोटं कशाला सांगा, आपल्याला जमतं ते पुन्हा करून बघायची खुमखुमीही होती. तो काचेच्या खोलीत गेला, ईश्वरीची नऊ पावलं चालला आणि हिरवं बटण दाबलं. कागदावर बासष्ट प्रवास आले. रोज दुपारी साडेचारला वीज कॉलनी. तुमची बहीण जिवंत आहे, असं ओरडतच तो बाहेर आला. रणवीरने त्याला मिठी मारली आणि कागद घडी करून खिशात घातला.

खुनाच्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, पारूने, ताट वाढलं, तेव्हा सुकदेवाने तिला हे सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताट उचलून आत नेलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोलीस ठाण्यात गेला. आणि इथे त्याचा धंदाच त्याच्या मुळावर आला. दरवर्षी दिवाळीत तो फौजदाराचं सोंग घेऊन याच ठाण्यात यायचा, खऱ्या फौजदाराला झापायचा आणि सगळं ठाणं पोट धरून हसायचं. त्या खुनात माझा हात आहे, मला धरा, असं म्हणत तो रडायला लागला तेव्हा हवालदाराने बाकीच्यांना हाका मारून बोलावलं. यंदा साध्या कपड्यात काय, असं कुणी म्हणालं. रडण्याची फार तारीफ झाली. त्याने पाय धरले तेव्हा एकाने त्याच्या खिशात नोट कोंबली. शेवटी ठाणे अंमलदाराला शंका आली आणि त्याने त्याला बाजूला बसवून नीट विचारलं, पण हेल्मेटातला माणूस चालीवरून ओळखला हे ऐकून त्यानेही हात टेकले. ‘पाऊल’ कुणाला उघडता येत नाही असं कोर्टाने लिहून दिलं होतं, आणि घोरवाडे त्या दुपारी गावात जागरण-गोंधळाला होते अशी निम्म्या गावाची साक्ष होती. केळुसकर बाईंचा तेवढा विश्वास बसला. हिरवं बटण बंद करायला सात जणांच्या सह्या लागतात, दोन आठवडे द्या, असं त्या म्हणाल्या.

ईश्वरीने मात्र जबाब दिला होता. हेल्मेट असलं तरी भावाचा आवाज आपण ओळखला, असं तिने सांगितलं होतं. गावाच्या साक्षीवर दोघे भाऊ जामिनावर सुटले होते आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध ती एकटीच साक्षीदार होती. पोलिसांनी तिला शहरात कुठेतरी लपवून ठेवलं होतं आणि वीस तारखेला कोर्टात तिची साक्ष होती. लपलेली असली तरी कामाला जाणं तिला भाग होतं, आणि ती बसनेच जायची. बसला नाव लागत नाही, त्यामुळे तिला तेच सर्वांत सुरक्षित वाटायचं.

सतरा तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला घोरवाडे बंधू सुकदेवाकडे आले. या वेळी रडणं-बिडणं काही नव्हतं. यशराजने पारूचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत एकदा. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. सुकदेव मध्ये पडला तर रणवीरने त्याच्या बरगडीत गुडघा घातला आणि तो खाली पडल्यावर उजव्या हाताची दोन बोटं धरून उलटी मोडली. यशराज लाथ मारायला पुढे आला, तेव्हा रणवीर त्याच्यावर खेकसला.

“पायाला लावू नको. पाय लागतात आपल्याला.”

सुकदेवाला उचलून उभा केला. पारू भिंतीला टेकून बसली होती. एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“त्या पोरीला काय झालं, तर मी तुमच्यासंगं राहणार न्हाई. मग तुमी जिते या न्हाईतर मरून या.”

गाडीत रणवीर त्याला समजावल्यासारखं बोलत होता. नऊ पावलांचं तर काम, कागद द्यायचा आणि घरी जायचं. नाही म्हणालास तर आधी तुझी बायको आणि मग तू. मध्येच यशराजने चाकूच्या मुठीने त्याचा पुढचा दात पाडला, उगीचच, हात शिवशिवत होता म्हणून. गावाबाहेरच्या शेवटच्या थांब्यावर त्यांनी गाडी लावली. भरदुपार होती, वीसेक माणसं बसची वाट बघत होती, एक भाजीवाली टोपली घेऊन बसली होती. रणवीरने सुकदेवाचं तोंड रुमालाने पुसून दिलं आणि त्याला काचेच्या खोलीत ढकललं. दार मागे बंद झालं. आतून ते तीन मिनिटंच बंद राहतं, मग आपोआप उघडतं.

सुकदेवाने आधी मदतीचं बटण दाबलं. आपला क्रमांक अकरावा आहे, कृपया थांबा, असं एका गोड आवाजाने सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

मग त्याला वाटलं, मुद्दाम चुकीचं चालावं. ओळख पटली नाही, असं यंत्र सांगेल. पण मग ते मारतील आणि परत आत पाठवतील. सुकदेव स्वतःला ओळखून होता. तो काही वीर नव्हता. पोटासाठी दारोदार वाकलेला माणूस, मार त्याला सोसत नव्हता. आत्ताच बोटांच्या कळेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दुसऱ्या नाही तर तिसऱ्या खेपेला हेच पाय बरोबर चालतील आणि हाच हात हिरवं बटण दाबेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या पोरीला त्या दोघांपासून वाचवायचं होतं तसंच त्याच्यापासूनही वाचवायचं होतं. एकदा केलं की आपल्यालाही फिरवता येणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं.

त्याने चपला काढल्या. फुटलेल्या बरगडीमुळे श्वास घेता येत नव्हता, तरी त्याने खांदे सैल सोडले, मोडकी बोटं मांडीजवळ आवरून धरली आणि तो ईश्वरी झाला. डावी टाच हलकी. पाचव्या पावलाला ते किंचित उचलणं. तोंडातून रक्त हनुवटीवर येत होतं आणि पाय एका चोवीस वर्षांच्या मुलीचे होते. नववं पाऊल पडलं. पडदा उजळला आणि दोन्ही बटणं उमटली. काचेला नाक लावून रणवीर बघत होता. कागदावर काय आलं असतं ते बघायचा मोहसुद्धा सुकदेवाने होऊ दिला नाही, कारण जे डोळ्यांनी पाहिलं ते मारापुढे तोंडातून निघालं असतं. त्याने लाल दाबलं. नक्की का, असं यंत्राने विचारलं आणि पुन्हा नऊ पावलं चालायला सांगितलं. तो पुन्हा चालला. त्याच्या उभ्या आयुष्यात इतकी हुबेहूब चाल त्याला कधी साधली नव्हती.

छापून आलेली चिठ्ठी त्याने बाहेर येऊन रणवीरच्या हातात ठेवली. तीवर एकच ओळ होती: या चालीचा कोणताही प्रवास या यंत्रात नाही.

रणवीरने ती दोनदा वाचली. परत आत जा, म्हणाला. आता कितीही वेळा गेलो तरी तेच येणार, असं सुकदेवाने सांगितलं. काय केलं आहे हे रणवीरच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने गाडीतून लोखंडी पहार काढली.

पहिला घाव उजव्या घोट्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. सुकदेव कोसळला तसं यशराजने त्याच्या छातीवर गुडघा देऊन त्याला दाबून धरलं आणि रणवीर दोन्ही हातांनी पहार उचलून त्याच पावलावर घालत राहिला. बोटं, मग चवडा, मग नडगी. पावलाला पावलाचा आकार उरला नाही. सुकदेव गुरासारखा ओरडत होता. मग डावा पाय. लोक मागे सरले आणि त्यांनी फोन वर केले. बस आली, दार उघडलं, वीस सेकंद उघडं राहिलं, बंद झालं, बस गेली. पूर्वीचा एखादा कंडक्टर असता तर निदान शिव्या देत खाली तरी उतरला असता.

पुढे आली ती भाजीवाली. टोपलीतलं दोन किलोचं वजन तिने यशराजच्या कानशिलावर असं हाणलं की तो तिथेच आडवा झाला. मग ती रांगेकडे वळून आईवरून शिव्या देत सुटली, तेव्हा बाकीच्यांना लाज वाटली आणि चौघे-पाचजण धावून आले. रणवीर पहार फिरवत राहिला, एकाचा जबडा फुटला, पण शेवटी त्यांनी त्याला खाली पाडलं आणि पोलीस येईपर्यंत तुडवला. या वेळी तोंडावर हेल्मेट नव्हतं आणि वीस फोन चालू होते.

वीस तारखेला ईश्वरीची साक्ष झाली.

सुकदेवाचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. डाव्यात सळया घातल्या. केळुसकर बाई भेटायला आल्या. हिरवं बटण राज्यभर बंद झालं, आता फक्त लाल उरलं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. पारूने त्यांना तोंडावर सांगितलं की हे महिन्याभरापूर्वी झालं असतं तर एक पोरगा जिता असता. पारू दवाखान्यात रोज यायची, डबा आणायची, अंग पुसायची. बोलायची मात्र नाही.

तीन आठवड्यांनी एका महिला पोलिसाबरोबर ईश्वरी वॉर्डात आली. सुकदेवाने तिला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, तरी दारातून दोन पावलं आत पडताच त्याने ओळखलं. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तुम्ही माझ्यासाठी एवढं सोसलंत, माझा बापही करणार नाही ते केलंत, असं म्हणत ती पायथ्याशी आली आणि पाया पडायला वाकली. चादरीखाली एका बाजूला पाऊल होतं, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. तिचा हात तिथेच अडखळला.

गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? पोलिसांना धड कळलं नव्हतं, कंपनी तर दाबूनच टाकत होती. पारू खिडकीशी उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

“पाया पडू नको, पोरी,” सुकदेव म्हणाला. “वीज कॉलनीचा थांबा आणि साडेचारची वेळ त्यांना मीच काढून दिली होती.”

मग त्याने सगळं सांगितलं. तिची आई, अंगण, लग्नाचा व्हिडिओ, हिरवं बटण, मिठी. स्वतःची खुमखुमीसुद्धा सांगितली. ईश्वरी ऐकत राहिली. मग तिने डबा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. भुवई फाटली. तिने पुन्हा मारला, पुन्हा मारला, डब्यातला शिरा उशीवर सांडला, आणि महिला पोलिसाने तिला मागून धरेपर्यंत ती मारत होती. सुकदेवाने हात वर केला नाही. पारू जागची हलली नाही.

दम लागल्यावर ईश्वरी थांबली. मी कशी चालते ते सांगा, म्हणाली. सुकदेवाने सांगितलं. डावी टाच, पाचवं पाऊल, मांडीजवळचा हात. ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

“यंत्रातून पुसलंत,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्यातून कोण पुसणार?”

तिने ओढणीने तोंड पुसलं, पोलिसीण बाईचा हात बाजूला केला आणि ती दाराकडे वळली. पण लगेच निघाली नाही. दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. मग तिने उजवं पाऊल पुढे टाकलं, टाच न टेकवता सपाट, अंधारात जमीन चाचपावी तसं. हे तिचं पाऊल नव्हतं. त्याला ठाऊक नसलेली नवी चाल ती शोधते आहे, हे सुकदेवाला त्याच क्षणी समजलं, आणि त्याचे डोळे सवयीने त्या पावलावर जाऊन बसले.

त्याने डोळे गच्च मिटले. तरी फरशीवरचा आवाज येतच होता, एक पाऊल, थांबून दुसरं, आणि त्याचं मन ते मोजायला लागलं होतं.

“पारू, माझे कान धर,” तो म्हणाला. “जोरात धर.”

पारू आली आणि तिने दोन्ही तळव्यांनी त्याचे कान दाबून धरले. बराच वेळ धरून ठेवले. हात काढले तेव्हा ईश्वरी गेलेली होती. ती कशी चालत गेली हे त्याने विचारलं नाही, आणि पारूनेही त्याला कधी सांगितलं नाही.